गाडी चार्जिंग घेत नाही

आमच्या सासवड पट्ट्यात गाडीला काही झालं की लोक तिला पुण्याला न्यायचे, आणि पुण्याला म्हणजे नाना पेठेत. इंजिनाचं काम करणारे मिस्त्री सासवडला, जेजुरीलाही होते. पिस्टन बसवतील, गिअरबॉक्स उतरवतील, ब्रेकचं काम करतील. पण करंटचं काम म्हटलं की सगळे हात झटकायचे. वायरीत काय चाललंय ते दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि वास आलाच तर तोवर उशीर झालेला असतो. म्हणून करंटचा बिघाड हा बाहेरच्या बाधेसारखा समजला जायचा. भगताकडं जावं तसं लोक नाना पेठेत यायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "गाडी चार्जिंग घेत नाही."

मी तिथं १९७३ साली गेलो. बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या विहिरीचा तळ दाखवला होता. गावात रोजगार हमीची खडी फोडायची, नाहीतर पुण्याची वाट धरायची, एवढेच दोन रस्ते होते. मामा भवानी पेठेत हमाली करायचे. त्यांनी मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात चिकटवलं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, आणि खरं काम बाहेर रस्त्याच्या कडेला. मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात ते शिकले होते आणि मग स्वतःचं दुकान काढून बसले होते. नाना पेठेत असे पुष्कळ होते. पुण्याच्या एका बाजूला खडकी आणि देहू रोडचे लष्करी डेपो, दुसरीकडं दापोडीला एसटीचं मोठं वर्कशॉप. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहूनच नगरला सुटली, तेव्हापासून गाड्यांच्या करंटचं काम जाणणारी माणसं या गावात तयार होत गेली. लिलावात निघालेला लष्करी माल मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात यायचा. बुधवारी आणि रविवारी तिथं तुम्हाला डायनॅमोचं आर्मेचर कांद्याबटाट्यासारखं ढिगात मिळायचं. निवडायची अक्कल मात्र पाहिजे.

आता ज्यांनी डायनॅमो पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. गाडीला करंट दोन ठिकाणांहून मिळतो, बॅटरीतून आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या डायनॅमोतून. उस्ताद मला खेड्यातला पोरगा म्हणून विहिरीच्या भाषेत समजवायचे. बॅटरी म्हणजे हौद, डायनॅमो म्हणजे पंप. गाडी सुरू करताना हौदातलं पाणी वापरायचं, गाडी चालू झाली की पंपानं हौद भरायचा. पंप बंद पडला तर हौदातलं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून फूटव्हॉल्व्ह असतो, तसा इथं कटआउट. डायनॅमोचा जोर बॅटरीपेक्षा वाढला की कटआउट जोडतो, कमी झाला की तोडतो. आणि हौद भरून वाहायला लागू नये म्हणून एक राखणदार, तो रेग्युलेटर. एवढं ज्याला कळलं त्याला अर्धी विद्या आली.

चुंबक आणि तारेची भेंडोळी यांच्यातून वीज निघते हे फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं. शिशाची बॅटरी प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ ला केली. म्हणजे दोन्ही गोष्टी मोटारीच्या आधीच्या. तरी सुरुवातीच्या मोटारींना यांची फारशी गरजच पडली नाही, कारण गाडी हँडल मारून सुरू व्हायची आणि दिवे कार्बाइडचे किंवा रॉकेलचे असायचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं विजेचा स्टार्टर बसवला. तेव्हापासून गाडीला मोठी बॅटरी लागू लागली, आणि बॅटरी लागली म्हणून ती भरणारा डायनॅमो लागला. 'गाडी चार्जिंग घेत नाही' ही तक्रार त्या सालापासूनची धरायला हरकत नाही.

आपल्याकडं मात्र हँडल गेलं नाही. जीपला होतं, अँबेसिडरला होतं, फियाटलाही होतं. त्यामुळं चार्जिंग बिघडलं तरी गाडी अडायची नाही. हँडल मारा, नाहीतर धक्का मारा, नाहीतर मुक्कामाला उतारावर लावा. हँडल मारायचीही रीत होती. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर मूठ वळलेल्याचं मनगट जायचं. आमच्या पट्ट्यात पंचक्रोशीतले ड्रायव्हर मनगटावरून ओळखू यायचे. एकेक गाडी अशी वर्षवर्ष चालायची आणि मालकाला वाटायचं, चाललंय की. मग एखाद्या रात्री दिवे पिवळे पडायचे.

उस्तादांकडं मीटर नव्हता. एक बल्ब होता, त्याला दोन वायरी, एकीला टोकदार सळई आणि दुसरीला चिमटा. त्याला टेस्ट लॅम्प म्हणायचं. दुसरं हत्यार म्हणजे हायड्रोमीटर, काचेच्या नळीत तरंगणारा काटा. बॅटरीच्या खान्यातलं पाणी ओढून बघायचं. बाराशे साठच्या वर काटा असला तर बॅटरी भरलेली, बाराशेला अर्धी, साडेअकराशेच्या खाली गेला तर रिकामी. त्या काळच्या बॅटऱ्या काळ्या कडक रबराच्या, वरून डांबरानं बंद केलेल्या, आणि प्रत्येक खाना वेगळा तपासता यायचा. सहा खान्यांपैकी पाच सारखे आणि एक पडलेला असेल तर दोष त्या खान्यात. बॅटरीवाला डांबर तापवून तेवढाच खाना उघडायचा आणि प्लेटा बदलून द्यायचा. पण सहाच्या सहा खाने सारखेच उतरलेले असतील तर बॅटरीचा दोष नाही. तिला कोणी खायलाच घालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा भेद आधी करायचा, हा उस्तादांचा पहिला धडा. ते सांगायचे, "बॅटरी मेलेली दिसते, पण ती उपाशी मेली का म्हातारी होऊन मेली, ते बघ. उपाशी मेली असेल तर नवी आणून काय उपयोग, तीही मरणार."

मग ते गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत बसायचे. माझ्यासारख्या पोराला वाटायचं, हा माणूस गप्पा मारून वेळ घालवतोय. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का? गाडी पळायला लागल्यावर विझतो का? विझतो, पण रात्री हेडलाइट लावल्यावर पुन्हा मिणमिणतो का? पावसात जास्त होतं का? आधी कोणी हात लावलाय का, आणि कशाला? या शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास टाळाटाळ करायचे. लाल दिवा गाडी पळाल्यावर विझतच नसेल तर डायनॅमोतून काही येत नाही. गाडी बंद केल्यावरही डायनॅमो गरम राहत असेल तर कटआउट चिकटलाय, आणि बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होतेय. पावसातच होत असेल तर बऱ्याचदा पट्टा घसरतोय. पट्टा अंगठ्यानं दाबायचा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर ढिला. अर्ध्या गाड्या तर या अंगठ्यावरच दुरुस्त व्हायच्या.

त्यानंतर टर्मिनल. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरायची. गरम पाणी ओतून धुवायची, पॉलिश पेपरनं घासायची, घट्ट करायची आणि वरून व्हॅसलीन लावायचं. यात विद्या काही नाही, पण हे न करता डायनॅमो खोलणारे मिस्त्री मी आयुष्यभर पाहिले.

डायनॅमोची पाळी सगळ्यात शेवटी. त्याला मागं दोन टोकं असतात, एक डी आणि एक एफ. दोन्हीच्या वायरी काढायच्या, दोन टोकं एका तारेनं जोडायची, त्या तारेला टेस्ट लॅम्प लावून दुसरं टोक इंजिनाच्या अंगाला धरायचं आणि इंजिन जरा रेस करायचं. बल्ब प्रखर झाला तर डायनॅमो चांगला आहे, खोट पुढं रेग्युलेटरच्या पेटीत किंवा वायरीत आहे. बल्ब लागला नाही तर मग डायनॅमो उतरवायचा. आत बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असायचे, नाहीतर कम्युटेटर काळा पडलेला असायचा. लेथवर कम्युटेटर घासून घ्यायचा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्यानं थोडा खाली खरवडायचा. हे काम माझ्याकडं असायचं. तीन वर्षं मी अभ्रक खरवडला.

डायनॅमो परत बसवल्यावर एक छोटा विधी असायचा. बॅटरीच्या गरम टोकाची वायर एफला क्षणभर टेकवायची, चट् करून ठिणगी उडायची. उस्ताद म्हणायचे, "ओळख करून दिली." इंग्रजी वळणाच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक अंगाला जोडलेलं असायचं, फियाटमध्ये मायनस. एका गाडीचा डायनॅमो दुसरीला बसवला तर त्याला आपलं टोक कुठलं हे समजावून द्यावं लागायचं, नाहीतर तो उलटा भरायला बघायचा. हे न करता गाडी सोडली तर त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक परत. लिलावातल्या जुन्या लष्करी जिपांची गंमत आणखी वेगळी. त्या सहा व्होल्टच्या. त्यांचे बल्ब वेगळे, डायनॅमो वेगळा, आणि सामान मिळेनासं झालं की लोक त्या बारावर करून घ्यायचे.

हे सगळं एवढ्या बारकाईनं का करायचे, तर नवं सामान परवडत नव्हतं आणि मिळतही नव्हतं. परदेशी माल बंद, देशी माल मोजका. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट नंबर लावून वर्षानुवर्षांनी मिळायची. ती बिघडली म्हणून कोणी भाग बदलून मोकळं होत नव्हतं. खोट कुठं आहे ते नेमकं शोधून तेवढीच काढायची, ही विद्या गरजेतून आली. पुढं माल मुबलक झाला आणि ती गरज संपली.

पण ही विद्या नाना पेठेच्या बाहेर फारशी गेली नाही. दिवे घाटाच्या वर तर नाहीच. तिची किंमत आमच्याच घरानं मोजली.

थोरल्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पंचाहत्तर साली एक जुनी पेट्रोल जीप घेतली. गाव ते सासवड सीटा भरायच्या, लग्नसराईत वऱ्हाड, बाजाराला पोती. सत्त्याहत्तरला तिचं इंजिन एका तालुक्याच्या गावी उतरवून केलं. त्यानंतर गाडी चार्जिंग घेईना. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली. अण्णांनी नवी घेतली. चार महिन्यांत तीही उतरली. पुन्हा सल्ला मिळाला, बॅटरी बोगस लागली, चांगल्या कंपनीची घ्या. दुसऱ्या बॅटरीसाठी अण्णांनी दुभती म्हैस विकली. चुलती कितीतरी दिवस अण्णांशी बोलली नाही. घरात सात पोरं होती आणि चहासाठी शेजारून दूध आणावं लागत होतं. मला हे पुण्यात निरोपानं कळलं. जत्रेला येतो तेव्हा बघतो म्हणून मी कळवलं.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात जत्रेला गेलो. पौर्णिमा होती. गाडीला हात लावायचं दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं, पण रात्री अकराच्या सुमाराला भावकीतली एक सून अडली. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, माझ्यानं होणार नाही, ससूनला न्या. गावात दुसरी गाडी नव्हती. गाडी धक्का मारून सुरू केली. मागं गोधडी घालून पोरीला निजवलं, तिची सासू आणि नर्सबाई शेजारी. पुढं अण्णा, मी आणि पोरीचा नवरा.

सासवड मागं पडलं आणि दिवे पिवळे झाले. घाटाच्या तोंडाशी आलो तोवर समोरचा रस्ता दिसेना. अँपिअर मीटरची सुई मायनसकडं पडलेली. पेट्रोल गाडीचं असं असतं की डिझेलसारखं नाही, बॅटरी संपली की कॉइलला करंट मिळत नाही आणि इंजिन जागेवर बंद पडतं. मग धक्का मारूनही उपयोग नाही. मी अण्णांना म्हटलं, "दिवे बंद करा. गाडी बंद करू नका."

"आरं घाट हाय फुडं!"

"चांदणं हाय. दिवं लावलं तर खाली पोचायच्या आत गाडी मरंल."

दोन हेडलाइट, मागचे दिवे आणि कॉइल मिळून बारा-तेरा अँपिअर जातात. नुसत्या कॉइलला तीन-चार. हा हिशोब मला पाठ होता. अण्णांनी दिवे बंद केले. मी डॅशबोर्डवर हात फिरवत होतो, चोकच्या बटनाला बोट लागलं आणि चटका बसला.

चोकची तार गरम होणं म्हणजे काय, हे उस्तादांनी मला दुसऱ्याच वर्षी दाखवलं होतं. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, म्हणजे ते गाडीच्या अंगापासून तुटलेलं असतं. करंट परत यायला इंजिन आणि चासी यांच्यात तांब्याची एक चपटी विणलेली पट्टी लावतात, अर्थिंगची. इंजिन उतरवलं की ती काढावी लागते, आणि बसवताना ती विसरली तर गाडी बंद पडत नाही. करंट दुसरी वाट शोधतो. चोकची बारीक तार इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत जाते, तिच्यातून तो जातो. ती तापते, आणि डायनॅमोचा निम्मा जोर त्या तारेतच जिरतो. स्टार्टर मरगळतो, बॅटरी उपाशी राहते. बघणाऱ्याला वाटतं, बॅटरी गेली.

घाटाच्या कडेला गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. बॉनेट उघडून पोरीच्या नवऱ्याला हातबॅटरी धरायला लावली. (आमच्याकडं हातातल्या दिव्यालाही बॅटरीच म्हणतात. "बॅटरी आण" म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "आता तिसरी कुठनं आणू?") खाली वाकून पाहिलं, पट्टी नव्हतीच. बोल्टचं भोक रिकामं, त्याच्यात धूळ साचलेली. पट्टी करायला तिथं काही नव्हतं. बॅटरीची अर्थची जाड वायर चासीला होती. ती चासीवरून काढून थेट इंजिनाच्या बोल्टला लावायची होती, पण चालू इंजिनात बॅटरी अधांतरी सोडायची नव्हती. म्हणून एका हातानं जॅकचा दांडा चासी आणि इंजिन यांच्यात टेकवून धरला, दुसऱ्या हातानं वायर हलवली आणि बोल्ट कसला. अण्णांनी थोडी रेस दिली. सुई मधल्या रेघेवर आली आणि हळूहळू प्लसकडं गेली. मागं पोरगी ओरडत होती आणि मी सुईकडं बघत उभा होतो, ते अजून आठवतं.

दिव्यांचा अर्थ आता चोकच्या तारेवर होता, म्हणून ते लावले नाहीत. पोरीचा नवरा बॉनेटवर बसला, हातबॅटरी रस्त्यावर धरून. एकेका वळणाला अण्णा गाडी जवळजवळ थांबवायचे. खाली मस्तानी तलाव चांदण्यात परातीसारखा दिसत होता. वडकी आली, मग हडपसरचे दिवे. ससूनच्या दारात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. सकाळी नाना पेठेतून मी पट्टी आणली, दोन बोल्टांत कसली. पट्टीची किंमत अण्णांनी विचारली. मी सांगितली, तर बराच वेळ ते बोललेच नाहीत. म्हैस मात्र परत आली नाही. दुसरी बॅटरी त्या जीपमध्ये पुढं चार वर्षं चालली.

पुढं माझं स्वतःचं दुकान झालं, आणि आमच्या भागातल्या गाड्या थेट माझ्याकडं यायला लागल्या. सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला तर सोमवारची सकाळ ठरलेली. चार-पाच जिपा, त्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या, आणि तपासलं तर सगळं ठणठणीत. डायनॅमो भरतोय, पट्टा घट्ट, अर्थ पक्का. दोन आठवडे मलाही उलगडा होईना. मग एका ड्रायव्हरला उस्तादांच्या रीतीनं विचारायला बसलो. रविवारी गाडी काय करते? तो लाजला. रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं, आणि गावात लाइटीचा भरवसा नव्हता. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा. जीपची बॅटरी काढून देवळात न्यायची, सगळा गाव बघणार, आणि मग उतरलेली बॅटरी परत गाडीत. प्रभू रामचंद्राला चार्जिंगचा दोष कोण देणार? मी एवढंच सांगितलं, टीव्हीसाठी एक जुनी बॅटरी वेगळी ठेवा. काहींनी ठेवली.

त्याच सुमाराला गल्लीत अल्टरनेटर दिसायला लागले. परदेशात ही गोष्ट जुनी होती, अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीला तो बसवला होता. आपल्याकडं त्र्याऐंशीच्या डिसेंबरात मारुती आली आणि अल्टरनेटर सगळ्यांच्या तोंडी झाला. पद्मिनी, जिपा यांच्यातही पुढं तोच बसू लागला. डायनॅमो गाडी उभी असताना काही भरत नाही, त्याला वेग लागतो. अल्टरनेटर नुसत्या आयडलवरही भरतो. पुण्यात गर्दी वाढत चालली होती, सिग्नलला गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या, तेव्हा ही सोय मोठीच. त्यात कटआउटही नाही. आतले डायोडच करंट एका दिशेनं सोडतात.

पण डायोड नाजूक. आणि आमच्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना, मिस्त्रींना एक परीक्षा पाठ होती. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीचं टर्मिनल उपसायचं. इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग चांगलं, बंद पडलं तर डायनॅमो गेला. डायनॅमोच्या काळात या परीक्षेनं सहसा काही बिघडायचं नाही, म्हणून बाप मुलाला शिकवायचा. अल्टरनेटरला मात्र ती मारून टाकते. बॅटरी हे त्याच्या जोराला आवर घालणारं वजन असतं. ते एकदम काढलं की व्होल्ट क्षणात उसळतात आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासायचा, आणि तपासण्यानंच घालवायचा.

भोर भागातला एक जीपवाला वर्षात तिसऱ्यांदा आला. अल्टरनेटर बनवणाऱ्यांना, माल विकणाऱ्यांना शिव्या घालत होता. मी नवे डायोड टाकले, मीटर लावून दाखवला, चौदा व्होल्ट. बॅटरी स्वस्थ असताना साडेबारा-बारा सहा, आणि भरताना पावणेचौदा ते साडेचौदा, एवढं दिसलं की बस. तो खूश झाला. म्हणाला, "थांबा, मी माझ्या पद्धतीनं बघतो," आणि पाना घेऊन टर्मिनलकडं वळला. मी त्याचं मनगट धरलं. ते बाकी बरं झालं, नाहीतर चौथ्यांदा आला असता. त्याच्या गावात तीन जिपा होत्या आणि तिघेही तसंच तपासायचे. गाड्यांचं सामान गावात दहा वर्षं आधी पोचतं, ते कसं तपासायचं हे मागून कधीतरी चालत येतं, नाहीतर येतच नाही. अल्टरनेटरच्या खोक्यावर सूचना इंग्रजीत असायची, बारीक अक्षरात.

लाल दिव्याचंही तसंच झालं. डायनॅमोच्या गाडीत तो नुसता सांगणारा दिवा होता. बल्ब गेला तरी डायनॅमो भरायचा, म्हणून कोणी बल्ब बदलायचं नाही. जुन्या अल्टरनेटरमध्ये मात्र त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच आतलं चुंबक जागं करतो. दिवा गेला तर अल्टरनेटर झोपूनच राहतो. कधी खूप रेस दिली तर उठतो, कधी नाही.

आता नाना पेठेत माझ्या वयाचे दोघे-तिघे उरलोत. नव्या गाड्यांना मशीन लावतात, ते सांगेल तो भाग बदलतात, आणि त्यांच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. त्या गाड्यांत चार्जिंगसुद्धा कॉम्प्युटरच ठरवतो, टेस्ट लॅम्प टोचला तर उलट नुकसान. माझ्याकडं येतात ते जुन्या गाडीचा शौक असलेले. परवा कोथरूडहून एक इंजिनिअर मुलगा पद्मिनी घेऊन आला. आजोबांची गाडी, रंग नवा, सीटा नव्या. दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, अल्टरनेटर बदलला होता, आता सगळी वायरिंग नवी करायची का म्हणून विचारायला आला होता. फोनवर कोणाकोणाचे व्हिडिओ पाहिलेले, तेही दाखवायला लागला.

मी म्हटलं, "किल्ली फिरव. सुरू करू नकोस."

त्यानं फिरवली.

"लाल दिवा लागला का?"

"नाही काका. तो कधीच लागत नाही. रंगकामाला डॅशबोर्ड काढला होता तेव्हापासून."

बल्ब काढला, तार तुटलेली. नवा घातला. किल्ली फिरवली तर लागला, गाडी सुरू झाली तसा विझला. मीटरवर तेरा नव्वद. तो बराच वेळ मीटरकडं बघत राहिला, मग पैसे किती म्हणून विचारलं.

पैसे सांगितले आणि विचारलं, जुना अल्टरनेटर कुठं टाकलास. भंगारवाल्याला द्यायचाय, म्हणाला, डिकीत आहे. म्हटलं देऊ नकोस, तो चांगला आहे.